चाळीस किलो लोड

सोमवारी सकाळी छावणीच्या जनरेटरने मेजरसाहेबांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काळे तेल थुंकले. शर्ट तपासणीच्या दिवसासाठी मुद्दाम धुतलेला होता आणि तपासणी शुक्रवारी होती.

छावणीची वीज ज्याच्या हातात, त्या हवालदाराला सगळे दिवाबत्ती म्हणत. शहराच्या विजेच्या तारा छावणीच्या चाळीस किलोमीटर आधीच थांबल्या होत्या. त्यामुळे छावणीतला प्रत्येक दिवा, बिनतारी यंत्र, दवाखान्यातला लशींचा फ्रिज, पाण्याचा पंप, सगळे एका डिझेल इंजिनावर चाले. साठ किलोवॅटचे ते मशीन एकोणीस वर्षे दिवाबत्तीच्या ताब्यात होते. तीन बदल्या त्या दोघांनी बरोबर केल्या होत्या. दिवाबत्तीची बायको मशीनला ‘तुमची ती’ म्हणे आणि रागात असली की ‘माझी सवत’.

मेजरसाहेब शर्ट दोन बोटांत धरून जनरेटरच्या शेडमध्ये आले.

“हवालदार, हे काय?”

दिवाबत्तीने शर्ट पाहिला. मग धुराड्याच्या तोंडात बोट घालून बाहेर काढले. बोटाला काळा चिकट लगदा लागला होता. त्याने तो दोन बोटांत चोळून बघितला आणि त्याचे तोंड उतरले.

“साहेब, मशीन आजारी आहे.”

“कशाने?”

“आरामाने, साहेब.”

मेजरसाहेबांना हा विनोद वाटला आणि कामाच्या वेळी विनोद त्यांना चालत नसे. पण दिवाबत्ती खरे तेच सांगत होता. दोन महिन्यांपूर्वी मेजरसाहेबांनी वीजबचतीची मोहीम काढली होती. ‘विजेचा थेंब न थेंब वाचवा’ असे फलक जागोजाग लागले. बचतीसाठी एक नाईक खास नेमला गेला. तो शिट्टी घेऊन दिवसभर फिरे आणि दिसेल ते बटण खट्कन बंद करी. त्याचे नाव खटका पडले. छावणी तीस किलोवॅट खात होती, ती बारावर आली. मेजरसाहेबांनी त्याचा तक्ता करून कचेरीत लावला. किलोवॅट लिहिले की आकडे बारीक दिसतात, म्हणून त्यांनी टक्के लिहिले: पूर्वी शंभर, आता चाळीस. खाली हिरव्या पेन्सिलीने दुहेरी रेघ होती.

“साहेब, साठाचं मशीन आहे हे. त्याला आपण बाराचं काम देतोय. इंजिन नीट तापतच नाही. तापत नाही म्हणून डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल आणि काजळी धुराड्यात साठतं आणि मग ते असं बाहेर येतं. पैलवानाला दोन महिने पिसं उचलायला लावली तर काय होईल?”

“काय होईल?”

“आखाड्यात उतरला की धापा टाकेल.”

मेजरसाहेबांनी शर्टाकडे पाहिले. “उपाय?”

“भार द्यायचा. चाळीस किलोवॅट, सलग चार तास. आतली सगळी घाण जळून जाईल. मधे थांबायचं मात्र नाही.”

“म्हणजे दोन महिने मी वाचवलेली वीज तुम्ही चार तासांत जाळणार?”

“जाळायची म्हणजे साहेब, औषध म्हणून.”

“हवालदार, शुक्रवारी ब्रिगेडियरसाहेब आपली बचत बघायला येताहेत. त्याच आठवड्यात चाळीस? अजिबात नाही. नुसता भार द्यायचं यंत्र मिळतं ना? ते रीतसर मागवा, बाहेर कुठेतरी लावा आणि काय करायचं ते करा. पण माझ्या छावणीत एक दिवासुद्धा जास्त लागता कामा नये.” ते जायला निघाले आणि पुन्हा वळले. “आणि शुक्रवारी हे मशीन असंच थुंकत राहिलं, तर ते भंगारात जाईल. तुमची बदली मी सुभेदारांच्या कोठारात करीन. तिथे बूट मोजत बसा.”

दिवाबत्तीला भंगार हा शब्द छातीत लागला. बुटांचे त्याला एवढे काही नव्हते. त्याने फडक्याने मशीनचा पत्रा पुसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “घाबरू नकोस. मी आहे.” मशीनने एक काळी पिचकारी मारली.

कोठार ज्या सुभेदारांच्या ताब्यात होते, त्यांना छावणी तीन प्रती म्हणत असे. सुई मागा, तंबू मागा, अर्ज तीन प्रतींत. असे म्हणत की सुभेदारांच्या मुलीने लहानपणी बाहुली मागितली, तेव्हाही त्यांनी तिला आधी दोन कार्बन पेपर दिले. मंगळवारी सकाळी दिवाबत्ती त्यांच्यापुढे छापील अर्ज घेऊन उभा राहिला.

“काय हवं?”

“सुभेदारसाहेब, जनरेटरला भार देणारं यंत्र. एक मोठी पेटी असते, तिच्यात नुसत्या तापणाऱ्या तारा...”

“वर्णन नको. रकाना लहान आहे. तुम्ही लोक त्याला काय म्हणता?”

“आम्ही आपलं लोडच म्हणतो. लोड द्या, लोड काढा.”

“मग लोड लिहा. प्रमाण?”

“चाळीस किलोवॅट.”

“आखूड करून लिहा.”

दिवाबत्तीने ‘लोड’ लिहिले आणि पुढे ‘४० कि.वॅ.’ लिहिले. पेन दाबून लिहिले, तरी सुभेदारांचे कार्बन पेपर त्यांच्या नोकरीइतकेच जुने होते. पहिली प्रत ठसठशीत आली. दुसरी बरी आली. तिसरीवर, म्हणजे मुख्य कोठाराकडे जाणाऱ्या प्रतीवर, लहानसे काहीतरी निळसर उमटले होते.

“ही वाचता येत नाही, सुभेदारसाहेब.”

“तिसरी प्रत वाचायची नसते, हवालदार. ती पाठवायची असते.” आणि त्यांनी तिच्यावर शिक्का मारला. त्या प्रतीवर नीट वाचता येण्याजोगा तेवढा शिक्काच होता.

बुधवारी मशीन दोनदा खोकून बंद पडले. दवाखान्यातली परिचारिका लशींचा डबा छातीशी धरून शेडमध्ये आली आणि कडेला उभी राहिली. तो डबा पाहून दिवाबत्तीला जास्तच लाज वाटली. त्याने गाळणी साफ केली, तेल बदलले, मशीन पुन्हा चालू केले. पण औषध एकच होते आणि ते मुख्य कोठारातून येणार होते.

ते गुरुवारी सकाळी साडेनऊला आले. ट्रकचे फळकूट उघडले आणि ड्रायव्हरने एकेक करून आठ लोड खाली उतरवले. टेकून बसायचे लोड. कापसाचे, गोल, पांढऱ्या खोळीचे, दोन्ही टोकांना चुण्या घातलेले. बरोबर चिठ्ठी होती: ‘मागणीप्रमाणे लोड, वजन चाळीस किलो, पाठवीत आहोत. तक्के शिल्लक नाहीत.’

दिवाबत्ती लोडांकडे बघत राहिला. ड्रायव्हर सहीसाठी वही पुढे करून उभा होता. सुभेदारांनी कोठारातला काटा आणवला, आठही लोड तोलून बघितले आणि समाधानाने मान हलवली.

“बरोबर चाळीस भरतात. करा सही.”

“सुभेदारसाहेब, मी विजेचा लोड मागितला होता.”

“अर्जात विजेचा असं कुठे आहे?”

“वॅट लिहिलं होतं की.”

सुभेदारांनी पहिली प्रत काढून पाहिली. ‘वॅ’ होता. त्यांनी घसा साफ केला. “पहिल्या प्रतीत आहे. पण त्यांना पहिली प्रत जात नाही. दुसरा अर्ज करा. पंधरा दिवसांत येईल.”

“तपासणी उद्या आहे.”

“मग यातले दोन घेऊन जा. टेकायला बरे आहेत.”

दिवाबत्तीने आठही लोड हातगाडीवर घातले आणि शेडकडे आणले. कुठे ठेवायचे ते कळेना, म्हणून त्याने शेडबाहेर झाडाखाली सतरंजी टाकून ते रांगेने मांडले. मग त्यातल्याच एकावर बसून तो विचार करू लागला. रडत बसायचा त्याचा स्वभाव नव्हता. मशीन वाचवायचे, एवढे त्याने ठरवले होते. कसे, ते अजून ठरायचे होते.

त्याची बायको डबा घेऊन आली ती ही बैठक पाहून थबकली.

“अहो, गाणं-बिणं आहे की काय इथे?”

त्याने सगळे सांगितले. लोडाच्या ठिकाणी ती इतकी हसली की तिला दुसऱ्या लोडावर बसावे लागले. मग डोळे पुसून तिने विचारले, “तर तुमच्या तिला काम हवंय. एवढंच ना?”

“चाळीस किलोवॅटचं. चार तास.”

“आणि इस्त्रीला किती लागतं?”

“एका इस्त्रीला एक धर.”

“दोन महिने त्या खटक्याने आम्हाला इस्त्रीला हात लावू दिलेला नाही. वस्तीत घरोघरी कपड्यांचे ढीग पडलेत. माझी साडी बघा, चुरगाळलेल्या कागदासारखी दिसतेय. तुम्ही नुसतं हो म्हणा, सहा इस्त्र्या आत्ता आणते.”

“मेजरसाहेबांचा हुकूम आहे अगं.”

“काय म्हणाले ते? शब्दन्‌शब्द सांगा.”

“एक दिवासुद्धा जास्त लागता कामा नये.”

“मग कोण लावतंय दिवा?” बायको उठली. “इस्त्रीचं ते काही बोलले नाहीत.”

दिवाबत्तीने तिच्याकडे कौतुकाने पाहिले. मेजरसाहेब सकाळीच ब्रिगेडियरसाहेबांना आणायला स्टेशनवर गेले होते आणि संध्याकाळी परतणार होते. साडेअकराला सुरू केले तर साडेतीनला काम फत्ते. त्याने खडू घेऊन शेडच्या फळीवर मांडले. नेहमीचे बारा. सहा इस्त्र्यांचे सहा. स्वयंपाकघरातला पाणी उकळायचा मोठा बंब सहा. झाले चोवीस. सोळा कमी पडत होते. छावणीत दोन-दोन किलोवॅटच्या आठ शेगड्या होत्या, खोल्या ऊबदार करायच्या. त्या सुभेदारांच्या कोठारात कुलूपबंद होत्या.

“शेगड्या?” सुभेदार म्हणाले. “हे हिवाळी साहित्य आहे. बाहेर ऊन किती आहे बघितलंत? नियमाप्रमाणे चार महिन्यांनी या. तीन प्रती घेऊन.”

दिवाबत्तीने वाद घातला नाही. तो कोठारातल्या रिकाम्या खुर्चीवर बसला, इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, “खिडकीजवळ माझं टेबल लावू या, सुभेदारसाहेब. मला उजेड लागतो.”

“कसलं टेबल?”

“उद्या मशीन भंगारात गेलं की माझी बदली तुमच्याकडेच आहे. मेजरसाहेब स्वतः म्हणालेत. माझी सहा वर्षं राहिलीयत. सहा वर्षं आपण दोघं इथेच. माझे काही विचार पण आहेत. सगळे बूट आकाराप्रमाणे न लावता झिजण्याप्रमाणे लावले तर कसं? आणि अर्ज मला वाटतं एका प्रतीतसुद्धा...”

सुभेदारांनी खिशातून किल्ल्या काढल्या. आठ शेगड्या त्यांनी स्वतः बाहेर आणून दिल्या. अर्ज नंतर दिला तरी चालेल, असे वाक्य त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर पडले.

साडेअकराला सुरुवात झाली. शेडच्या मागच्या रिकाम्या बराकीत दिवाबत्तीने तारा ओढल्या होत्या. एका बाजूला सहा टेबलांवर वस्तीतल्या सहा बायका इस्त्र्या घेऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला आठ शेगड्या रांगेने लाल झाल्या. स्वयंपाकघरात आचाऱ्याने बंब चालू केला. मीटरचा काटा बारावरून उठला, वीस, तीस, आणि थरथरत चाळीसवर गेला.

मशीनचा आवाज बदलला. दोन महिने ते कण्हत होते, आता त्याने छाती भरून श्वास घेतला. धुराड्यातून काळ्याकुट्ट धुराचा लोट निघाला, त्यातून ठिणग्या उडाल्या. पहाऱ्यावरच्या शिपायाने आगीची घंटा वाजवली. वाळूच्या बादल्या घेऊन दहा जण धावत आले.

“आग नाही, जुलाब आहे,” दिवाबत्ती ओरडून म्हणाला. “पोट साफ होतंय तिचं. तासाभरात धूर पांढरा होईल. तोवर बादल्या तिथेच राहू द्या.”

घंटा ऐकून खटका आला. बराकीत पाऊल टाकताच त्याचे डोळे विस्फारले. दोन महिने एकेक बल्ब शोधून विझवणारा तो माणूस, त्याच्यापुढे भर उन्हाळ्यात आठ शेगड्या धगधगत होत्या. त्याने शिट्टी वाजवली आणि पहिले बटण खट्कन बंद केले. काटा अडतीसवर आला. दिवाबत्ती आत धावला आणि त्याने ते चालू केले. तोवर खटक्याने तिसरे बंद केले होते. असे दोन वेळा पूर्ण रांगेतून झाले.

“हवालदारसाहेब, मला हुकूम आहे.”

“अरे, चार तास काटा हलता कामा नये. चाळीस म्हणजे चाळीस.”

“मी मेजरसाहेबांना सांगेन.”

दिवाबत्तीची बायको इस्त्री ठेवून पुढे आली. “सांगा ना, भाऊजी. उद्या ब्रिगेडियरसाहेबांच्या समोर उभं राहूनच सांगा. पण ही पँट घालून?”

खटक्याने खाली पाहिले. दोन महिने त्याने स्वतःच्याही कपड्यांना इस्त्री केली नव्हती, कारण तो तत्त्वाचा माणूस होता. पँटला गुडघ्यापाशी दोन फुगे आले होते.

“काढून द्या. दोन मिनिटांत अशी कडक करते की धारेवर बोट कापेल. हा टॉवेल घ्या तोवर.”

खटका मोहात पडला. पडद्यामागे जाऊन त्याने गणवेश काढून दिला आणि टॉवेल गुंडाळून बसला. बायकोने गणवेश इस्त्री केला, मग त्यावर पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री केला, मग पाहून म्हणाली की कॉलर मनासारखी झाली नाही. टॉवेलवर बराकीभर फिरून बटणे बंद करणे खटक्याला जमण्यासारखे नव्हते. साडेअकराचा तो, पावणेतीन वाजेपर्यंत तिथेच बसून होता.

तासाभरात धूर खरोखरच पांढुरका झाला. दोन तासांनी तो दिसेनासा झाला. पण तोवर माणसांचे हाल सुरू झाले होते. बराकीत भट्टी पेटल्यासारखे होत होते. आचाऱ्याने तीन तास पाणी उकळले, आता ते कोणाला द्यावे हे त्याला कळेना. त्याने सबंध छावणीला दोनदा चहा पाजला, भांडी उकळली, फडकी उकळली आणि शेवटी भर उन्हात लोकांना कढत पाण्याने आंघोळ करायचा आग्रह सुरू केला. इकडे बायकांचे कपडे संपले. साड्या झाल्या, चादरी झाल्या, पडदे झाले. मग जवानांचे गणवेश आले, रुमाल आले, मोजे आले. इस्त्री थांबली की ती आपोआप बंद व्हायची आणि काटा घसरायचा. मोज्यांना धार काढता काढता एकीने विचारले, “अजून किती वेळ, हवालदार भाऊजी?”

“एक तास, वहिनी. फक्त एक.”

पावणेतीनला फाटकातून मेजरसाहेबांची जीप आत आली. ब्रिगेडियरसाहेबांची गाडी वेळेआधी पोहोचली होती आणि खडबडीत रस्त्याने त्यांची कंबर धरली होती. तपासणी आजच उरकू, उद्या मी झोपूनच राहीन, असे ते म्हणाले होते. जीप थांबली आणि पहिला सामना झाला तो खटक्याशी. जीपचा आवाज ऐकून तो सवयीने बाहेर धावला होता. त्याने खाडकन सलाम ठोकला आणि दुसऱ्या हाताने टॉवेल धरला.

“हा कोण?” ब्रिगेडियरसाहेबांनी विचारले.

“बचत नाईक, साहेब,” मेजरसाहेब क्षीण आवाजात म्हणाले.

“कपड्यांचीसुद्धा?”

मेजरसाहेबांना बराकीच्या दारातून शेगड्यांचा लाल उजेड दिसला होता. त्यांचा चेहरा आधी त्या शेगड्यांसारखा झाला आणि मग पांढरा पडला. ब्रिगेडियरसाहेब कमरेवर हात ठेवून कण्हत जीपमधून उतरले, चार पावले चालले आणि झाडाखाली थांबले. सतरंजीवर आठ पांढरे लोड ओळीने मांडलेले होते.

“वा,” ते म्हणाले. “माझ्या कमरेचं तुम्हाला कोणी कळवलं?” ते अलगद खाली बसले, दोन लोड पाठीशी घेतले, एक गुडघ्याखाली घातला. “पाच मिनिटं टेकतो. मग मशीन बघू.”

शेडमधून मशीनचा एकसुरी घुमणारा आवाज येत होता. दोन मिनिटांत ब्रिगेडियरसाहेबांचे डोळे मिटले. मेजरसाहेबांनी दिवाबत्तीचा दंड धरून त्याला शेडच्या कोपऱ्यात नेले.

“बंद करा. आत्ताच्या आत्ता सगळं बंद करा.” ते कुजबुजत होते, पण ओरडल्यासारखे.

“नाही साहेब.”

एकोणीस वर्षांत दिवाबत्ती कोणत्याही साहेबाला नाही म्हणाला नव्हता. त्याला स्वतःलाच आपल्या आवाजाचे नवल वाटले. पण आता मागे फिरायचे नव्हते.

“पाऊण तास राहिलाय. आत्ता थांबलं तर निम्मी घाण आतच राहील आणि ते साहेबांच्या तोंडावर थुंकेल. मला कोठारात घाला, बूट मोजायला लावा. पण पाऊण तास मी हे मशीन बंद करणार नाही.” मग त्याने झाडाकडे बोट दाखवले. “आणि आवाज थांबला की ते जागे होतील.”

मेजरसाहेबांनी झाडाकडे पाहिले. ब्रिगेडियरसाहेब घोरायला लागले होते. मेजरसाहेब मीटरपुढे उभे राहिले आणि बघता बघता त्यांचेही लक्ष काट्यात गुंतले. सव्वातीनला काटा एकोणचाळीसवर आला.

“हवालदार, एकोणचाळीस.”

दिवाबत्ती बराकीत डोकावून आला. एका वहिनींचे मूल उठले होते, त्या घरी गेल्या होत्या. आणि इस्त्री करायला आता छावणीत एक चिंधीही उरली नव्हती.

“एक कपडा हवा साहेब. आणि एक माणूस.”

मेजरसाहेब क्षणभर उभे राहिले. मग जीपमधून त्यांनी आपला तो पांढरा शर्ट आणला. तीनदा धुऊनही त्यावर तेलाचा डाग तसाच होता. बाह्या वर सारून ते सहाव्या टेबलाशी गेले आणि इस्त्री हातात घेतली. दिवाबत्तीच्या बायकोने शेजारून पाहिले आणि न राहवून सांगितले, “साहेब, आधी कॉलर घ्या. मग बाह्या.” त्यांनी मुकाट्याने कॉलर घेतली. काटा चाळीसवर आला.

साडेतीनला ब्रिगेडियरसाहेब आपोआप जागे झाले. कंबर मोकळी झाली होती आणि मन प्रसन्न होते. ते थेट मशीनपाशी आले. खिशातून पांढरा रुमाल काढून त्यांनी धुराड्याच्या तोंडातून फिरवला. दिवाबत्तीने श्वास रोखला. रुमालावर थोडी कोरडी, करडी राख आली. तेलाचा टिपूसही नव्हता.

“किती वर्षांचं आहे?”

“एकोणीस, साहेब.”

“उत्तम ठेवलंय. हे मशीन अजून दहा वर्षं चालेल.”

दिवाबत्तीच्या डोळ्यांत पाणी आले. धुराने आले असे त्याला सांगता आले असते, पण धूर आता राहिलाच नव्हता. भंगार टळले होते, बूटही टळले होते. त्याने मशीनच्या पत्र्यावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

ब्रिगेडियरसाहेबांनी मीटर पाहिला. चाळीस. मग ते कचेरीत गेले आणि हिरव्या रेघांचा तक्ता त्यांनी मन लावून वाचला. पूर्वी शंभर टक्के, आता चाळीस. ते पुन्हा बाहेर आले आणि मीटर पुन्हा पाहिला.

“मेजर, चाळीस टक्के म्हणजे चाळीस किलोवॅट. मी स्वतः पाहिलं. म्हणजे शंभर टक्के किती?”

मेजरसाहेबांच्या कपाळावर घाम आला. “शंभर, साहेब.”

“शंभर. आणि मशीन साठाचं. म्हणजे गरजेपेक्षा मशीनच लहान, तुमच्या माणसांना किती काटकसर करावी लागत असेल. बिचारा तो नाईक टॉवेलवर फिरतोय. बायका सगळ्या एका खोलीत इस्त्री करताहेत, तुम्ही स्वतः त्यांच्या रांगेत उभे. हे मी बघू शकत नाही.” त्यांनी मेजरसाहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. “इतकं सोसलंत आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत. मी एकशेवीस किलोवॅटचं नवीन मशीन मंजूर करतो. पुढच्या आठवड्यात येईल. हे जुनं राखीव म्हणून राहू द्या.”

खरे सांगितले असते तर मेजरसाहेबांना तक्ता फाडावा लागला असता. ते म्हणाले, “आभारी आहे, साहेब.” दिवाबत्तीने तोंड उघडले आणि मेजरसाहेबांनी त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा मिटले.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको हाताला आलेल्या फोडावर मलम लावत होती. घरातला कपडा न् कपडा कडक घडीचा होऊन फळीवर बसला होता. दोन महिन्यांत घर इतके नीटनेटके दिसले नव्हते.

“वाचली ना तुमची ती?”

“वाचली. दहा वर्षं चालेल म्हणाले.”

“मग चेहरा असा का?”

“एकशेवीसचं नवीन येतंय. आपली छावणी खाते बारा. ते तर महिन्याभरात आजारी पडेल. त्याला बरं करायचं तर ऐंशी लागणार. आणि जुनं राखीव. तेही उभं राहून गंजू नये म्हणून आठवड्यातून एकदा चालवायला हवंच. त्याला पुन्हा चाळीस.”

बायकोने मलमाची डबी बंद केली.

“म्हणजे माझ्या सवतीला सवत आली,” ती म्हणाली.

मग ती उठली. फळीवरची सगळ्यात वरची चादर तिने काढली, उलगडली, दोन्ही हातांनी चांगली चुरगाळली आणि कोपऱ्यातल्या टोपलीत टाकली. ती दुसरी काढायला लागली तेव्हा दिवाबत्तीही उठला आणि त्याने स्वतःचा शर्ट हातात घेतला.